गल्लीत पडदा लावायचाय: डेनिस दाखवू की चिंटू?

पेठेतला_प्रोजेक्टर
मंडळी, सल्ला पाहिजे. परीक्षा संपल्यापासून आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत पोरांनी नुसता धुडगूस घातलाय. तालमीच्या पोरांनी ठरवलंय, मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री गल्लीतच पडदा लावून सिनेमा दाखवायचा. प्रोजेक्टर मिळालाय. प्रेक्षक म्हणजे पहिली ते सातवीची पोरं, त्यांच्या आया आणि कट्ट्यावरची म्हातारी मंडळी. सिनेमा निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

माझ्या मनात १९९३ चा 'डेनिस द मेनिस' आहे. हँक केचमच्या पेपरातल्या व्यंगचित्रावरून काढलेला, वॉल्टर मॅथाऊ शेजारचा मिस्टर विल्सन झालाय तो. गल्लीतल्या वहिनी मंडळींचं म्हणणं, २०१२ चा 'चिंटू' लावा, आपल्या भाषेतला आहे आणि तोही पेपरातल्या चित्रांवरूनच आलाय.

मला विचाराल तर डेनिस हा पोराचा सिनेमा नाहीच, तो विल्सनचा आहे. त्यामुळं कट्ट्यावरच्या मंडळींनाही आवडेल. पटतंय का, का मी उगाच ताणतोय?

रंकाळ्याची_हवा
डेनिस. विषय संपला.

आज्जीची_नात
एवढ्यात कसा संपतोय? चिंटूच लावा. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू यायला लागला. आमच्यात पेपर आला की आधी आज्जीच्या हातात, आणि आज्जी आधी चिंटू वाचणार, मग निधनवार्ता, मग उरलेलं जग. सिनेमा श्रीरंग गोडबोल्यांचा, आई-बाबा म्हणजे विभावरी देशपांडे आणि सुबोध भावे. पोरांना शब्द न् शब्द कळतोय. इंग्रजी सबटायटल पहिलीतल्या पोरांना कोण वाचून दाखवणार, तुम्ही?

कळंब्याचा_बबन
सबटायटल कशाला लागतंय? विल्सन सकाळी अंथरुणात डोळे मिटून झोपल्याचं सोंग करतोय, डेनिसला वाटतंय म्हातारा आजारी हाय, आणि हे बेणं बेचकीनं अ‍ॅस्पिरिनची गोळी थेट त्याच्या उघड्या तोंडात मारतंय. ह्याला कुठली भाषा लागती? पुढं विल्सनच्या कवळीचे पुढचे दोन दात जातात आणि डेनिस त्या जागी च्युइंगमच्या पांढऱ्या चौकोनी गोळ्या बसवून ठेवतो. आमच्यात केबलवर लागला होता तवा आमचे आजोबा हसता हसता स्वतःची कवळी सांभाळत होते.

कुंडीवाले_काका
मी विल्सनच्या पक्षाचा. कायम. माणूस रिटायर झालाय, उभं आयुष्य नोकरी केली, आता त्याला फक्त शांतपणे पेपर आणि बाग पाहिजे. त्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचं, वस्तू हाताळायच्या, आणि वर सिनेमाने सांगायचं की पोरगं निरागस आहे हो, म्हातारा खडूस आहे. आमच्या इमारतीत रोज दुपारी दोन वाजता जिन्यात क्रिकेट चालतं. दोन वाजता! मी दार उघडलं की सगळे एका सुरात "सॉरी काका", आणि दार लावलं की पुन्हा टप्पा.

रंकाळ्याची_हवा
काका, तुम्ही बॅटिंग मागून बघा एकदा. उद्यापासून खेळ बंद.

कुंडीवाले_काका
मागितली होती. पहिल्याच बॉलला आऊट दिलं. जिन्यात एलबीडब्ल्यू असतो हे मला माहीत नव्हतं.

आईसाहेब_आठवी_गल्ली
माझा आक्षेप वेगळाच आहे. त्यात तो चोर आहे ना, क्रिस्टोफर लॉइड. मळकट कोट, खराब दात, हातात चाकू. मी माझ्या लेकाला पाच वर्षांचा असताना हा सिनेमा दाखवला आणि तो त्या रात्री माझ्या कुशीतून हलला नाही. बाकी सगळा सिनेमा हसत बघितला, पण चोर आला की उशी तोंडावर. पहिलीची पोरं असतील तर याचा विचार करा. रात्रीच्या वेळी, उघड्या गल्लीत, एवढ्या मोठ्या पडद्यावर तो चेहरा आला तर पोरं घरी पळतील.

खवचट_शास्त्री
तो चोर मुळात सिनेमात आलाच का, हे सांगतो. पटकथा लिहिणारा आणि निर्माता जॉन ह्यूज. त्याच ह्यूजने तीन वर्षं आधी, १९९० मध्ये, घरी एकटं राहिलेलं पोरगं दोन चोरांना बडवतं असा सिनेमा लिहून पैशाचा पाऊस पाडला होता. तेच गणित इथं वापरलं. दिग्दर्शक निक कॅसल, पण स्वयंपाक ह्यूजचा. पेपरातल्या डेनिसच्या जगात असला चाकूवाला चोर बसतच नाही. तिथं कुंपण, विल्सन, मार्गारेट, कुत्रा, आई-बाप आणि जेवणाचं टेबल, संपलं जग. चोर म्हणजे ठिगळ आहे. शेवटचा अर्धा तास तर सरळ ओढाताण.

कळंब्याचा_बबन
शास्त्रीबुवा, शेवटचा अर्धा तासच तर भारी हाय! चोर डेनिसला ओलीस धरतोय आणि डेनिसला वाटतंय आपण ह्याच्यासंगं खेळतोय. बेड्या काय, दोर काय, शेंगदाण्यासारख्या त्या बीन्स काय, आग काय. चोराची पार दैना. त्यानं एकाही गोष्टीत मुद्दाम काय केलेलं न्हाई, सगळं चांगल्या मनानं. तीच तर मजा.

खवचट_शास्त्री
चांगल्या मनाने माणूस पेटवला म्हणजे तो पेटायचा थांबत नाही.

बॉर्डरपार
मी बेळगावचा, पण कोल्हापुरात शिकलो. डेनिस म्हणजे लाल-काळ्या पट्ट्यांचा शर्ट, उभे काळे केस आणि दात विचकणारा कुत्रा, तोच ना? हॉस्टेलवर त्याची पुस्तकं होती.

रेघ_आणि_रंग
तो दुसरा डेनिस, भाऊ. तो ब्रिटिश, 'बीनो' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकातला. गंमत अशी की दोघंही मार्च १९५१ मध्ये जन्मले, एक अमेरिकेत आणि एक ब्रिटनमध्ये, दोघांचं नाव एकच आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. अमेरिकन डेनिस सोनेरी केसांचा, डोक्यावर एक बट उभी, पट्ट्यांच्या शर्टावर खांद्यापासून पॅन्ट. ब्रिटिश डेनिस मुद्दाम वांडपणा करतो, अमेरिकन डेनिस मदत करायला जातो आणि वाट लावतो. म्हणूनच १९९३ चा सिनेमा ब्रिटनमध्ये नुसता 'डेनिस' या नावाने लावला होता.

बॉर्डरपार
म्हणजे आमचा डेनिस जास्त प्रामाणिक म्हणायचा. खोडी काढायची तर सांगून काढतोय.

पेठेतला_प्रोजेक्टर
@आईसाहेब, चोराचा मुद्दा महत्त्वाचा, तो विचार करतोय. @शास्त्री, ठिगळ आहे हे मान्य, पण मला त्या ठिगळाच्या अलीकडचा भाग हवाय. ते फुलाचं.

रंकाळ्याची_हवा
कसलं फूल? मला फक्त दात आठवतात.

पेठेतला_प्रोजेक्टर
अहो तेच तर! विल्सनकडे एक झाड आहे. चाळीस वर्षांनी एकदा फुलणार, तेही रात्री, आणि क्षणभरच. चाळीस वर्षं या माणसानं ते सांभाळलंय. बागकामाच्या क्लबची सगळी मंडळी घरी बोलावलीत, खुर्च्या मांडल्यात, सगळे श्वास रोखून बसलेत. कळी उलगडायला लागते आणि नेमका तेव्हाच डेनिस ओरडत येतो, मिस्टर विल्सन, घरात चोरी झाली! सगळ्यांच्या माना वळतात. पुन्हा फिरून बघतात तोवर फूल गेलं. विल्सननं बघितलंच नाही.

मग तो पोराला जे बोलतो ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मॅथाऊ तिथं ओरडत नाही, दात ओठ खात नाही. तुझं तोंड बघायचं नाही, तुझ्याशी ओळख ठेवायची नाही, अशा अर्थाचं सावकाश बोलतो. पोरगं सायकल घेऊन घर सोडून जातं. विनोदी सिनेमात असा प्रसंग मधोमध ठेवायला धाडस लागतं. म्हणून म्हणतो, सिनेमा विल्सनचा.

आईसाहेब_आठवी_गल्ली
तुम्ही फुलाचं काढलंत म्हणून लिहितो. आमच्याकडं बाबांचं ब्रह्मकमळ होतं. पावसाळ्याच्या तोंडाला कळ्या धरायच्या, देठ वर वळला की बाबा रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन बघणार. आज फुलणार असं वाटलं की अख्ख्या गल्लीला निरोप. बायका कॉफी पिऊन आमच्या व्हरांड्यात, कुणी चटईवर, कुणी पायरीवर. गप्पा फुलाच्या कमी, भिशीच्या जास्त.

त्या वर्षी एकच कळी होती. साडेनऊला टोक सैल झालं, आत पांढरं दिसायला लागलं, वास सुटला. आई म्हणाली, कॉफी ठेवतो, आणि सगळ्या बायका तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात. बाबा कॅमेऱ्याचा रोल शोधायला कपाटाकडे. तेवढ्यात शेजारचा चार वर्षांचा पोरगा प्लास्टिकच्या स्टुलावर चढला, अर्धं उमललेलं फूल देठासकट पिरगाळून तोडलं आणि आमच्या देवघरात गणपतीपुढं ठेवून हात जोडून उभा राहिला. त्याच्या आज्जीनं त्याला तेच शिकवलेलं, चांगलं फूल देवाला वाहायचं.

आता बाबा काय बोलणार? देवाला वाहिलेल्या फुलावरून पोराला रागवायची सोय नाही. ते नुसते हातात रोल घेऊन देवघराच्या दारात. आज्जी मात्र सगळ्यांना सांगत सुटल्या, "बघा, संस्कार म्हणतात ते हे."

कुंडीवाले_काका
वाचून माझंच बीपी वाढलं.

वनस्पती_वेडा
एक भर घालतो. आपल्या घरोघरी कुंडीत असतं ते ब्रह्मकमळ निवडुंगाच्या कुळातलं, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. पान लावलं तरी रुजतं. रात्री नऊ-दहानंतर उमलतं, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण फुलतं आणि सकाळी मान टाकतं. रात्री परागीभवन करणाऱ्या जीवांसाठी हा पांढरा रंग आणि वास. सिनेमातलं झाड मात्र काल्पनिक आहे. चाळीस वर्षांतून एकदा क्षणभर फुलून कुठल्या झाडाचा वंश चालेल? आपल्या सह्याद्रीतली कारवी सात वर्षांनी फुलते, पण फुलली की डोंगरच्या डोंगर जांभळे होतात आणि मधमाश्यांची चंगळ होते. क्लबची मंडळी खुर्च्या टाकून बसायची गरज नाही.

रंकाळ्याची_हवा
भावा, त्या सिनेमात पाच वर्षांचं पोरगं एकटं दरोडेखोराला बांधून गाडीत घालून आणतंय, आणि तुला झाड खटकलं?

रेघ_आणि_रंग
मूळ प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो. मी चित्रकला शिकवतो, त्यामुळं रोजच्या चौकटीकडं बघायची सवय आहे.

केचम आधी डिस्नेकडं अ‍ॅनिमेटर होता. 'पिनोकियो', 'बांबी' या सिनेमांवर त्याने काम केलं. डेनिस सुरू झाला तो १६ वर्तमानपत्रांत. त्याचा स्वतःचा मुलगा डेनिस, बायको अ‍ॅलिस. पोराने खोलीचा उकिरडा केला तेव्हा बायको वैतागून म्हणाली की तुझा मुलगा म्हणजे उपद्रव, इंग्रजीत 'मेनिस' आहे, त्यातून नाव आलं. व्यंगचित्रातल्या आईचं नाव अ‍ॅलिसच आणि बापाचं हेन्री, जे केचमचं खरं नाव. म्हणजे घरातलं सगळं उचलून चौकटीत ठेवलं.

चौकट म्हणजे खरोखर एकच चौकट. सोमवार ते शनिवार एक चित्र, खाली एक वाक्य. चिंटूला निदान तीन-चार घरं असतात, इकडून तिकडं जायला जागा असते. डेनिसमध्ये घडून गेलेलं तरी दिसतं किंवा घडायच्या आधीचं. फुलदाणी फुटताना तो क्वचितच दाखवतो. फुटलेली फुलदाणी, आईचे कमरेवरचे हात आणि पोराचा चेहरा. फुटण्याचा आवाज तुम्ही मनात काढायचा. सिनेमाला ही चैन परवडत नाही, त्याला फुलदाणी पडताना दाखवावीच लागते, वर जेरी गोल्डस्मिथचं पार्श्वसंगीत.

आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. पेपरात रोज सकाळी सगळं कोरं. काल विल्सन कितीही चिडलेला असो, आज डेनिस पुन्हा त्याच्या दारात. रागाचा हिशोब पुढच्या पानावर जात नाही. पन्नास वर्षं पोरगं साडेपाच वर्षांचंच राहतं. सिनेमा दीड तासाचा, त्यात एकदा तरी राग मुरावा लागतो, नाहीतर नुसती आपटाआपटी. ते काम फुलाने केलं. तोच एक प्रसंग असा आहे की जो एका चौकटीत काढताच आला नसता. म्हणून प्रोजेक्टररावांशी मी सहमत. आणि शास्त्रींशीही, कारण त्या प्रसंगानंतर आता काय करायचं हे ह्यूजला सुचलं नाही, त्याने चोर पुढं केला.

आज्जीची_नात
छान लिहिलंत सर. पण यातून चिंटू का नको ते कळलं नाही.

रेघ_आणि_रंग
चिंटूला सिनेमात विल्सन नाही. जोशीकाकू आहेत, पण पोरांचा राग धरून बसणारं मोठं माणूस नाही. चिंटूमध्ये पोरांची टोळी आहे, मैदान आहे, सुट्टी आहे. त्यामुळं तो टोळीचा सिनेमा झाला, आणि टोळीच्या पोरांना तो आवडतोच. दोन वेगळ्या जातीचे सिनेमे आहेत. एकात पोरं मोठ्यांच्या जगात घुसतात, दुसऱ्यात मोठी माणसं पोरांच्या जगात घुसतात.

खवचट_शास्त्री
सरांनी एक सांगितलं नाही. केचम आणि त्याचा खरा मुलगा डेनिस यांचं पुढं फारसं जमलं नाही. कागदावरच्या पोराने जगाला हसवलं आणि घरातलं पोर लांब गेलं.

आईसाहेब_आठवी_गल्ली
शास्त्री, तुम्ही वाढदिवसाला गेलात तरी केकमधली साखर मोजत असणार.

मिसळ_एक्स्ट्रा_कट
पेपरातल्या चित्रांवरचा सिनेमा म्हणजे एकच, १९८० चा 'पोपाय'. रॉबिन विल्यम्स. हे सांगायला आलो होतो.

कळंब्याचा_बबन
तो? अर्धा वेळ पुटपुटतोय नुसता. काय बोलतोय ते इंग्रजांनाबी कळलं नसंल.

मिसळ_एक्स्ट्रा_कट
पुटपुटणं हाच तर पोपाय. पण सिनेमा सोड, त्याचा सेट बघ. रॉबर्ट आल्टमनने माल्टा बेटावर समुद्राकाठी अख्खं लाकडी गाव उभं केलं. सिनेमा आला नि गेला, गाव अजून उभं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. आपल्याकडं सिनेमाचा सेट म्हटलं की शूटिंग संपलं, रात्रीत प्लायवुड गायब.

भवानी_मंडप_नाका
या गावात सेटच्या गोष्टी करायच्या नाहीत हां. बाबुराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवून सिनेमा काढला. 'प्रभात' १९२९ ला इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. जयप्रभा स्टुडिओ इथंच. मोरेवाडीला चित्रनगरी आहे. पेंटर तर मुळात चित्रकारच, नाटकांचे पडदे रंगवणारे. चित्रातून सिनेमाकडं जायचा रस्ता कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. एवढं असून आपण गल्लीत काय लावायचं म्हणून अमेरिकेचं पोरगं आणि पुण्याचं पोरगं यात भांडतोय. कोल्हापूरचं पोरगं कुठाय?

रंकाळ्याची_हवा
कोल्हापूरचं पोरगं तालमीत हाय. आईनं आवाज दिला तरी येत न्हाई.

खवचट_शास्त्री
'प्रभात' पुण्याला गेली हे आम्ही कुणाला बोलून दाखवत नाही. तुम्हीच दर धाग्यावर काढता.

भवानी_मंडप_नाका
नेली आणि वर बोलून दाखवत नाही म्हणे!

तांत्रिक_तात्या
तुमचं चालू द्या. मी कामाचं बोलतो. पडदा काय लावणार? चादर लावू नका, वाऱ्याने फुगते आणि विल्सनचं पोट अजून मोठं दिसेल. फ्लेक्सची उलटी बाजू घ्या. आपल्या गावात फ्लेक्सला काय तोटा? कुणाच्याही वाढदिवसाचं उतरवलेलं दहा बाय आठचं मागून घ्या, वरखाली बांबू, चारही कोपऱ्यांना दोरी. फक्त मागच्या बाजूला रस्त्याचा दिवा येणार नाही असं बघा. आला तर पलीकडचा भाऊंचा फोटो पडद्यातून दिसतो. आम्ही गणपतीत एकदा लावला होता, नायिकेच्या चेहऱ्यावर सगळा वेळ भाऊंच्या मिशा.

आवाजाला डॉल्बी आणू नका, हात जोडतो. साधे दोन स्पीकर बास. आणि दहाच्या आत संपवा, दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. अंधार पडायला साडेसात होतात, सिनेमा दीड तासाचा, म्हणजे उशिरात उशिरा आठला सुरू.

पेठेतला_प्रोजेक्टर
हे खरं कामाचं. तात्या, वळवाचं काय करू? मे मध्ये संध्याकाळी कधीही ढग येतात.

तांत्रिक_तात्या
प्रोजेक्टर कुणाच्या तरी दारात, छपराखाली ठेवा, वायर जमिनीवरनं नेऊ नका. पाऊस आला तर आधी प्लग काढायचा, मग प्रोजेक्टर, मग पोरं. आया पोरांना बघतील.

नियमावर_बोट
सर्वांच्या उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण कॉपीराइट कायद्यानुसार घरात बघणं वेगळं आणि गल्लीत सार्वजनिक दाखवणं वेगळं. फुकट दाखवलं तरी परवानगीचा प्रश्न येतो. तालमीने आधी चौकशी करावी.

रंकाळ्याची_हवा
तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतोय म्हणून देश टिकलाय. आणि म्हणूनच मजा टिकली न्हाई.

नियमावर_बोट
पहिल्या वाक्याबद्दल आभार.

पेठेतला_प्रोजेक्टर
नियमभाऊ, मुद्दा बरोबर आहे. आमच्यातला एकजण वकिलाकडं कामाला आहे, त्याला चौकशीला लावतो. परवानगी जमेना तर गल्लीतला बेत रद्द, मग आमच्या घरीच हॉलमध्ये घरची चार पोरं घेऊन बसतो.

वहिनी_न्यू_महाद्वार
उशिरा आलो धाग्यावर. कुणी डेनिसच्या विल्सनबाईबद्दल एक अक्षर लिहिलं नाही! मार्था. जोन प्लोराइटने काय गोड केलीय. त्यांना मूलबाळ नाही. ती डेनिसला खाऊ देते, गोष्ट सांगते, थोपटून झोपवते. विल्सन तिथं लांबून बघत असतो. सिनेमा विल्सनचा म्हणताय तर त्याच्या चिडचिडीच्या मागं हे रिकामं घर पण बघा. मोठ्या माणसांनी मुलं नसलेल्या शेजाऱ्याला खडूस ठरवून टाकायचं, हे पेठेत काय कमी चालतं? आमच्या वाड्यात एक काकू होत्या, पोरांनी बॉल मागितला की देत नव्हत्या म्हणून त्यांना काय काय नावं होती. त्या गेल्यावर भाच्यानं खोली उघडली तर पत्र्याच्या ट्रंकेत बॉल निघाले. सगळे पुसून ठेवलेले. रबरी, टेनिसचे, एक खराखुरा सीझनचा.

कुंडीवाले_काका
परत का दिले नाहीत मग?

वहिनी_न्यू_महाद्वार
दिले असते तर पोरं दारात आली असती का पुन्हा मागायला?

कुंडीवाले_काका
हं.

खवचट_शास्त्री
विल्सनवरून एक आठवलं. १९५९ ते १९६३ टीव्हीवर मालिका होती, जे नॉर्थ नावाचा मुलगा डेनिस. त्यातला विल्सन झालेला जोसेफ कर्न्स १९६२ मध्ये मालिका चालू असतानाच वारला. मग गेल गॉर्डनला विल्सनचा भाऊ म्हणून आणलं. भाऊ! म्हणजे डेनिसचं पात्र बिनविल्सनचं चालतच नाही हे तेव्हाच्या लोकांनाही कळलं होतं. पोरगा एक वेळ बदला, शेजारी पाहिजेच. मॅथाऊने त्याच १९९३ मध्ये दोन कुरकुऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांचा आणखी एक सिनेमा केला, जॅक लेमनबरोबर. वर्षभर त्या माणसाचं शेजाऱ्यांशी भांडणच चाललं होतं. तेव्हा प्रोजेक्टरराव, तुमचं म्हणणं मला मान्य. सिनेमा विल्सनचा. फक्त चांगला सिनेमा आहे हे मान्य नाही.

कळंब्याचा_बबन
शास्त्रीबुवा अर्धे तरी पटले, आज पन्हाळ्यावर गुढी उभारा.

आईसाहेब_आठवी_गल्ली
मग चोराचं काय ठरलं? माझा प्रश्न तसाच लोंबकळतोय.

आज्जीची_नात
आणि चिंटूचं? माझा पण.

पेठेतला_प्रोजेक्टर
आज कट्ट्यावर बैठक झाली. वकिलाकडच्या पोराची चौकशी चालू आहे. परवानगी दोन्हींची मिळाली तर असं ठरलंय: पहिल्या शनिवारी चिंटू, सगळ्यांसाठी. म्हणजे वहिनी मंडळी खूश आणि लहान पोरं पण. दुसऱ्या शनिवारी डेनिस, पण तिसरीपासून पुढच्यांसाठी, पहिली-दुसरीची पोरं आईच्या मांडीवर असतील तरच. चोर यायच्या आधी मी आवाज कमी करणार आणि तालमीतला एक पैलवान पडद्याशेजारी उभा करणार. चोर बाहेर आलाच तर त्याची जबाबदारी पैलवानाची, असं पोरांना सांगून ठेवलंय. त्यांना पटलंय.

@काका, दुसऱ्या शनिवारी तुम्ही या. खुर्ची पुढची.

कुंडीवाले_काका
येतो. पण माझ्या बाजूला कुणाचंही पोरगं बसवू नका.

वहिनी_न्यू_महाद्वार
काका, मी माझी धाकटी तुमच्या शेजारीच बसवणार आहे. तिचे पण पुढचे दोन दात पडलेत.

तांत्रिक_तात्या
फ्लेक्स मिळालं का ते सांगा आधी. आणि कुणाचं आहे तेही. सत्तेतल्याचं असेल तर पावसात फाटलं तरी चालतंय, नवीन लगेच येतं.

पेठेतला_प्रोजेक्टर
मिळालंय. एका दहावी पास झालेल्या पोराच्या अभिनंदनाचं. ५२ टक्के, आणि खाली पंचवीस मित्रांचे फोटो. तो स्वतः पडदा धरायला येणार आहे.